रस्ता नकाशात आहे, सातबाऱ्यात नाही : नागपूरच्या दक्षिण सीमेवरील एका वस्तीचे प्रकरण

वस्तीचे नाव, बांधकाम योजनांची नावे, माणसांची ओळख आणि मोजणीचे नेमके आकडे या टिपणातून गाळले आहेत. कार्यालयांचाही उल्लेख मोघम ठेवला आहे. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात वाहतूक हा विषय शिकवतो. मोजणीसाठी विद्यार्थी घेऊन या वस्तीत गेलो आणि मग दीड-दोन वर्षे अडकूनच पडलो, त्यामुळे प्रकरण आतून पाहायला मिळाले.

पार्श्वभूमी

वर्धा रोड आणि उमरेड रोड यांच्या मधला पट्टा, म्हणजे बेसा, बेलतरोडी, पिपळा, हुडकेश्वर, नरसाळा. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी नागपूरकर ही नावे घ्यायचा ती वावराच्या किंवा एखाद्या सोयऱ्याच्या गावाच्या संदर्भात. मग विमानतळालगतचा मिहान हा मोठा औद्योगिक प्रकल्प आला. २०१३ मध्ये हुडकेश्वर-नरसाळा महापालिकेत गेले, पुढे बेसा-पिपळ्याची नगर पंचायत झाली. मार्च २०१९ मध्ये सीताबर्डी ते खापरी मेट्रो धावू लागली आणि डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. यातल्या प्रत्येक बातमीबरोबर या पट्ट्यातले प्लॉटचे भाव एक पायरी चढले. रस्ते मात्र होते तिथेच होते.

इथल्या वस्त्या कशा उभ्या राहिल्या हे ठाऊक असल्याशिवाय पुढचे कळणार नाही. शेतकऱ्याकडून चार-पाच एकर घ्यायचे, चुन्याच्या रेघा मारायच्या, हजार-दीड हजार फुटांचे प्लॉट हप्त्यांवर विकायचे. शेजारच्या वावरात दुसरा लेआऊट पडला की त्याचे रस्ते आपल्या रस्त्यांना जुळतात का, हे बघायची गरज कोणाला वाटत नव्हती. २००१ चा गुंठेवारी कायदा आला आणि असे लेआऊट नियमित करायची वाट निघाली. ‘५७२ लेआऊट’ आणि ‘१९०० लेआऊट’ हे अशा लेआऊटच्या संख्येवरून पडलेले शब्द नागपुरात अजूनही पत्त्यासारखे वापरले जातात. शहराबाहेरच्या ७१९ गावांसाठी महानगर क्षेत्राचा विकास आराखडा २०१८ च्या सुरुवातीला मंजूर झाला. म्हणजे घरे आधी झाली आणि नकाशा नंतर आला.

आपली वस्ती म्हणजे एकमेकांना पाठ लावून बसलेले पाच लेआऊट. बँकेतून, रेल्वेतून, शाळेतून निवृत्त झालेली जुनी माणसे आणि मिहानमध्ये नोकरी करणारी नवी जोडपी. समोरचा मुख्य रस्ता मूळचा पांदण, बंड्या जायच्या त्यावरून. त्यावर आता साडेपाच मीटर डांबर आहे. नकाशात तोच रस्ता १८ मीटरचा डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता आहे आणि तो वस्तीच्या पुढे वावरातून सरळ जाऊन मोठ्या रस्त्याला मिळतो. प्रत्यक्षात वावर लागले की डांबर संपते. वस्तीत शिरताना नाला लागतो. त्यावरच्या पुलियावरून एका वेळी एकच मोठे वाहन जाऊ शकते.

अडचण

एका दिवाळीनंतर पुलियाच्या अलीकडे मोठे होर्डिंग लागले. संध्याकाळच्या उजेडात चमकणारे टॉवर, खाली हिरवळ, हिरवळीवर फुगे घेतलेले मूल. पाठोपाठ शेजारच्या जमिनीवर दुसरे होर्डिंग. तिसऱ्या बाजूला इंग्रजी माध्यमाच्या शाळेची इमारत आधीच स्लॅबपर्यंत आली होती. संक्रांतीपर्यंत मुरूम आणि रेतीचे टिप्पर सुरू झाले.

टिप्परपर्यंत लोकांनी सहन केले. ठिणगी पडली ती भिंतीवरून. तिसऱ्या लेआऊटच्या ९ मीटरच्या आतल्या रस्त्याच्या टोकाला कोणीतरी कधीतरी घातलेली विटांची भिंत होती. एका सकाळी ती पडलेली दिसली आणि पलीकडे एका योजनेचे मागचे फाटक. मुले ज्या रस्त्यावर क्रिकेट खेळायची, त्याच रस्त्याने पंधरा दिवसांत वर्धा रोडकडे जाणारा शॉर्टकट पडला.

पुलियावर सकाळी सव्वाआठला काय होते, ते मी पहिल्यांदा गेलो त्या दिवशी पाहिले. अलीकडून दोन स्कूल व्हॅन, पलीकडून भरलेला टिप्पर. टिप्परवाला मागे जाणार नाही, कारण त्याच्या मागे अकरा स्कूटर. व्हॅनवाल्याने आरसा आत घेतला आणि कठडा नसलेल्या बाजूला चाक नेले. मागच्या स्कूटरवर एक बाई, पुढे उभी असलेली पाच-सहा वर्षांची मुलगी, तिच्या पाठीवर दप्तर. बाईने एक पाय पुलियाच्या कडेच्या दगडावर टेकवला होता. तो दगड हलत होता. सगळे मिळून चार मिनिटेही झाली नसतील. असे रोज होते, असे मला चहावाल्याने फार सहज सांगितले.

पहिला निर्णय : टॉवर नको

देवळाच्या टिनाच्या शेडमध्ये पहिली सभा झाली. तर्रीपोहे झाले आणि मग तासभर आरडाओरड. ठराव एका ओळीचा : टॉवर नको. सह्यांची मोहीम, लोकप्रतिनिधींना निवेदन, लोकशाही दिनात तक्रार. हे सगळे झाले आणि त्यात आठ महिने गेले.

या आठ महिन्यांचा लोकांना आजही राग येतो, पण ते इतरांवर ढकलता येत नाहीत. निवेदनाला मिळालेले उत्तर कायद्याला धरूनच होते : जमीन आराखड्यात रहिवासी विभागात आहे आणि परवानगी नियमानुसार आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, तेव्हा हरकती-सूचना मागवतात. हरकतीची वेळ तीच. वस्तीतल्या एकानेही तेव्हा हरकत दिलेली नव्हती. दिली असती तरी कोणत्या गोष्टीवर, हेही कोणाला सांगता आले नसते, कारण तेव्हा आजूबाजूला पऱ्हाटी उभी होती.

उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करणाऱ्या एका बाईंचा सल्ला घेतला. त्यांनी कागद पाहून एकच विचारले, “तुमची हरकत इमारतीला आहे की पोचमार्गाला?” शेडमध्ये कोणाकडे उत्तर नव्हते. माझ्या मते प्रकरणाने खरे वळण इथे घेतले, कारण पुढच्या सभेत टॉवरवर कमी आणि रस्त्यावर जास्त बोलणे झाले.

दुसरा निर्णय : रस्ता रुंद करा म्हणायचे का?

मग साहजिकच मागणी आली : १८ मीटरचा रस्ता आत्ताच करा, जमले तर २४ मीटर करा. टाळ्याही पडल्या. मला त्या सभेत मुद्दाम उभे राहून बोलावे लागले आणि त्यानंतर महिनाभर दोन-तीन जण माझ्याशी बोलत नव्हते.

मुद्दा असा. डिसेंबर २०२० पासून, मुंबईसारखे काही भाग वगळता, राज्यात एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यात किती बांधता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीला बांधलेले आहे. मूळ एफएसआय, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधता येते ते प्रमाण, १.१० आहे. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर त्यावर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जमिनीचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) घेता येत नाही. पुढे ९, १२, १५, २४, ३० मीटर अशा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर कमाल मर्यादा वर जाते. म्हणजे आज १८ मीटरच्या रस्त्यावर जो बिल्डर थांबला आहे, त्याला २४ मीटर मिळाले तर तो त्याच जमिनीवर आणखी मजले मागू शकतो. रस्ता रुंद होतो आणि त्यावर येणारी माणसेही वाढतात. नियमामागचा विचार चुकीचा नाही; रुंद रस्त्यावर दाट वस्ती असावी हे कोणीही मान्य करील. पण नियम पाहतो नकाशातली रुंदी. जागेवर साडेपाच मीटर डांबर आणि एकवाहनी पुलिया असली तरी कागदावर रस्ता १८ मीटरचाच.

हे सांगून झाल्यावर रस्त्याला लागून कॉर्नर प्लॉट असलेले एक गृहस्थ उठले. “सर, तुमचं बरोबर आहे जी. पण माझा प्लॉट रोडला आहे. रोड मोठा झाला तर माझ्या पोरांचं भलं होऊन राहिलं. तुम्ही माझ्या पोटावर पाय देऊन राहिले.” शेड गप्प झाली. आतापर्यंत ‘रहिवाशांचे म्हणणे’ असे एकवचनी चालले होते, त्यात निदान तीन गट होते हे तेव्हा उघड झाले : रस्त्याला लागून असलेले, आतले, आणि मागच्या टोकाचे, ज्यांना शॉर्टकटने खरे तर फायदाच झाला होता. ते लोक आतापर्यंत तोंड उघडत नव्हते, एवढेच.

पर्याय मग चार उरले. न्यायालय, रुंदीकरण, भिंत पडून झालेला मागचा जोडरस्ता बंद करणे, आणि आहे त्या आराखड्यातला १८ मीटरचा रस्ता पूर्ण करून घेणे, पुलिया आधी आणि बाकी नंतर. न्यायालयाचा खर्च आणि वकीलबाईंचा सूर पाहून तो पर्याय आपोआप मागे पडला. चौथा पर्याय सर्वांत कंटाळवाणा होता, म्हणून तो बराच काळ कोणाला आवडला नाही.

तिसरा निर्णय, जो सभेत झालाच नाही : फाटक

एप्रिलच्या एका रात्री काही तरुणांनी वर्गणी काढून जोडरस्त्याच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवले. सकाळी सगळ्यांनी हरखून फोटो काढले. आतल्या रस्त्यावर पुन्हा स्टंप लागले.

तिसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर आला नाही. नळाची लाइन अर्ध्याच वस्तीत पोचली आहे, उन्हाळ्यात बाकीचे टँकरवर असतात. टँकरवाला पुलियाच्या गर्दीला कंटाळून कधीपासून मागच्या बाजूनेच यायचा, हे फाटक बसवणाऱ्यांना माहीत नव्हते. पारा ४५ च्या आसपास, घरात रिकामी टिपे, आणि फाटकाच्या पलीकडे टँकरवाला फोनवर म्हणतोय, “भाऊ, आता बांधून राहिले तर बांधा, मी चाललो दुसऱ्या लेआऊटले.” ज्यांनी फाटक बसवले त्यांनीच त्या दुपारी गॅस कटर आणून ते कापले.

लेआऊटचा रस्ता सार्वजनिक वापराचा असतो, त्याला परस्पर फाटक लावता येत नाही, हे मी दोनदा सांगितले होते. पण माझ्या सांगण्याने काही झाले नाही, टँकरने झाले.

याच सुमारास आणखी एक घरगुती उपाय झाला : उरलेल्या सिमेंटचा स्पीड ब्रेकर. पावाच्या लादीसारखा उभा. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत गोल पाठीच्या गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर दिली आहे, म्हणजे चाक हळूच चढावे आणि हळूच उतरावे. इथे रुंदी हातभर आणि उंची टाचेपासून पोटरीपर्यंत. शेवटी एक काकू स्कूटरवरून मागच्या मागे पडल्या, मनगट मोडले. ब्रेकर घालणाऱ्यांपैकी एकाच्या त्या सख्ख्या काकू. त्यांनी कोणाला दोष दिला नाही, पण दवाखान्यातून आल्यावर प्लास्टरच्या हाताने सभेत येऊन पहिल्या रांगेत बसल्या, आणि पुढे सगळ्या सभांना आल्या. मला वाटते, तिथून सभांमधला आवाज खाली आला.

मोजणी

जून संपता संपता शाळा उघडल्या (विदर्भात त्या उशिराच उघडतात) आणि आम्ही मोजणी लावली. एक मंगळवार, एक रविवार, सकाळी आठ ते रात्री आठ. तीन ठिकाणे : पुलिया, जोडरस्त्याचे तोंड, शाळेचे वळण. दर पंधरा मिनिटांचा वेगळा कागद, वाहनाच्या प्रकाराप्रमाणे रकाने, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. माझे विद्यार्थी होते, पण वस्तीतले निवृत्त लोक त्यांच्यापेक्षा सरस निघाले. रेल्वेत केबिनवर काम केलेले एक काकाजी बारा तासांत एकदाच खुर्चीवरून उठले.

वाहने नुसती मोजून चालत नाही, ती एका मापात आणावी लागतात. कार म्हणजे १. दुचाकींचे प्रमाण एकूण वाहनांच्या दहा टक्क्यांच्या वर गेले की एक दुचाकी ०.७५ धरतात, आणि नागपुरात ते कुठेही दहाच्या वरच असते. त्याच हिशोबाने ट्रक किंवा बस ३.७ पर्यंत जाते. म्हणजे शंभर स्कूटर ७५, आणि वीस टिप्पर ७४. लोकांना हे ऐकून गंमत वाटली. सभेत टिप्पर ‘शेकड्यांनी’ येतात असे सांगितले जायचे. प्रत्यक्षात ते मूठभर होते, पण मूठभरांचेही वजन एवढे.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या सूचनांप्रमाणे वस्तीतल्या संकलक स्वरूपाच्या, म्हणजे गल्ल्यांतली वाहने मोठ्या रस्त्याला नेणाऱ्या, दोन-पदरी रस्त्याची क्षमता दोन्ही दिशा मिळून याच मापात ताशी ९०० धरतात. दोन-पदरी म्हणजे साधारण ७ मीटर. आपले साडेपाच, म्हणजे क्षमता त्याहून कमी. बेरीज करताना सगळ्यांना वाटत होते की आकडा हजार ओलांडणार. तो ओलांडला नाही. सकाळच्या सर्वांत वाईट तासातही रस्त्याचा बाकी भाग ओढूनताणून का होईना चालत होता. कोंडी फक्त पुलियावर होती, आणि तीही सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी तासभर.

हा निकाल वाचला तेव्हा शेडमध्ये निराशा पसरली. “म्हणजे आपण खोटं बोलत होतो का?” असे एका ताईंनी विचारले. खोटे नव्हते. पण आठ महिने जे मागितले ते आणि जिथे दुखत होते ते, यांत नाल्याच्या रुंदीएवढे अंतर होते. एकाने तर आकडे थोडे ‘वर घ्यावेत’ असेही सुचवले. केबिनवाल्या काकाजींनी आपले कागद छातीशी धरले आणि म्हणाले, “माझ्या सहीचे कागद आहेत हे.” विषय तिथेच संपला.

आजचा आकडा बरा असला तरी उद्याचे काय, हा प्रश्न खरा होता. २०,००० चौरस मीटरहून मोठ्या बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. अशा बांधकामांना जनसुनावणी नसते, म्हणून लोकांना वाटते की आपला काही संबंध नाही. पण अर्ज, त्यातली वाहनतळाची संख्या, वाहतुकीबद्दल दिलेली माहिती आणि मंजुरीतल्या अटी परिवेश या संकेतस्थळावर पाहता येतात आणि विकासकाला दर सहा महिन्यांनी अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यावा लागतो. मिहानमधल्या एका मुलाने दोन रात्रींत ते सगळे कागद काढले. जे मिळाले नाहीत त्यांसाठी दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज. वाहनतळाच्या जागांवरून सकाळच्या तासात किती गाड्या बाहेर पडतील याचा कच्चा अंदाज बांधला. दोन्ही योजना भरल्यावर आजची पुलिया तर सोडाच, साडेपाच मीटर डांबरही पुरणार नव्हते. हा निष्कर्ष आता आमच्या रागातून आलेला नव्हता, विकासकाच्याच कागदांतून निघाला होता.

चौथा निर्णय : काय मागायचे

निवेदन तिसऱ्यांदा लिहिले तेव्हा ते दीड पानाचे झाले. पहिले अकरा पानांचे होते. मागण्या तीन. पुलिया रस्त्याच्या आराखड्यातल्या पूर्ण रुंदीची करा. शाळा भरताना आणि सुटताना टिप्पर बंद ठेवा. आणि वावरातला राहिलेला तुकडा ताब्यात घ्यायचे काम इमारतींचा ताबा देण्याच्या आधी सुरू करा. रुंदी २४ करा, असे कुठेही लिहिले नाही. त्यावर कॉर्नरवाल्या गृहस्थांची सही नाही, ते आजही नाराज आहेत. जोडरस्ता उघडा ठेवायचा पण मोठी वाहने अडवणारी आडवी कमान लावा, अशी चौथी मागणी शेवटच्या दिवशी जोडली. टँकर जाईल एवढी तिची उंची ठेवायची, हे काकूंनी लिहून घेतले.

टिप्परचे लवकर झाले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली ठरावीक रस्त्यावर ठरावीक वेळी जड वाहनांना बंदी घालता येते. निवेदनाला पंधरा-पंधरा मिनिटांचे तक्ते जोडले होते, त्यामुळे कोणत्या वेळा, यावर वाद झाला नाही. पुलियाला एक पावसाळा मध्ये गेला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूर बुडाले, तेव्हापासून या शहरात नाल्यावरच्या कुठल्याही बांधकामाकडे लोक आणि अधिकारी दोघेही जरा वेगळ्या नजरेने बघतात. नुसती रुंदी नको, खालचा गाळाही, म्हणजे पाणी जायची मोकळी जागाही, मोठी करा, असा अभिप्राय आला, आणि तो बरोबरच होता.

शेतकरी

तिसरी मागणी ज्याच्या वावरातून जाते, त्या माणसाला इतक्या दिवसांत कोणी भेटलेच नव्हते. सभेत त्याचा उल्लेख ‘तो अडवून बसला आहे’ असा व्हायचा. आम्ही तिघे गेलो. गोठ्यापाशी बाज टाकली, चहा आला.

“अडवलं कुठं? मले कोणी विचारलंच नाही,” तो म्हणाला. “रस्ता नकाशात आहे, सातबाऱ्यात नाही. सातबाऱ्यात माह्या बापाचं नाव आहे, मग आमचं सात जणांचं.”

रस्ता गेला तर वावराचे दोन त्रिकोण होतात. विहीर एका त्रिकोणात, तूर दुसऱ्यात. त्याला रस्त्याखालून पाण्याचा पाइप जायला जागा हवी होती आणि पैसे रोख हवे होते. आरक्षित जमीन घेण्याच्या वाटा कलम १२६ मध्ये आहेत : बोलणी करून मोबदला, त्याऐवजी एफएसआय किंवा टीडीआर, नाहीतर भूसंपादन. त्याला टीडीआर सुचवला गेला होता. “तो टीडीआर का भाजीत टाकू?” मी टीडीआर म्हणजे काय ते समजावू लागलो. त्याला ते चांगले समजलेले होते, विकायला कोणाच्या दारात उभे राहावे लागेल तेही माहीत होते. पाइपचे ऐकून मात्र आमच्यातला एक जण चकित झाला. रस्ता करताना आडवा पाइप टाकून ठेवणे म्हणजे किती लहान काम. त्यासाठी दोन वर्षे कोणी त्या बाजेवर जाऊन बसले नव्हते.

त्याच्या पुतण्याने, जो पुण्यात असतो, कलम १२७ ची आठवण करून दिली. आराखडा अमलात येऊन दहा वर्षे झाली आणि जमीन घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाचे पाऊल पडले नाही तर आरक्षण उडते. आराखडा २०१८ चा. हिशोब तिथेच बाजेवर झाला, आणि परत येताना गाडीत कोणी फार बोलले नाही.

निष्पत्ती

पुलिया झाली, कठड्यासह. त्या जागची सकाळची रांग गेली. आता ती शाळेच्या वळणावर लागते, पण लहान. टिप्परच्या वेळा पाळल्या जातात, महिन्यातून एखाद्या वेळी नाही. घरगुती ब्रेकर फोडून मापाचे दोन गतिरोधक झाले. जोडरस्त्यावर कमान लागली. पहिल्या आठवड्यात एका मालवाहू गाडीने ती वाकवली, आता ती थोडी तिरकी आहे. पहिल्या टॉवरमध्ये दिवे लागायला सुरुवात झाली आहे आणि तिथल्या नव्या रहिवाशांपैकी दोघे शेडमधल्या सभेला येऊ लागले आहेत. तेही पुलियाबद्दलच बोलतात.

वावरातला तुकडा झालेला नाही. पाइपची मागणी लेखी मान्य झाली, मोबदल्याची बोलणी सुरू आहेत, पण सातबाऱ्यावरच्या सात जणांपैकी दोन बहिणींची संमती बाकी आहे. त्यांचा जमीन देण्याला विरोध नाही. आपल्याला शेवटी विचारले, याचा राग आहे.

वेगळे काय करता आले असते

मला सर्वांत जास्त टोचतो तो क्रम. नकाशा आधी बघायला हवा होता, सह्या नंतर. विकास आराखड्याचा भाग नकाशा मागून घेणे हे एका दुपारचे काम होते, आणि ते केले तेव्हा सह्यांचे गठ्ठे तीनदा सादर झालेले होते. मोजणीही होर्डिंग लागल्याबरोबर करायला हवी होती. आमच्याकडे ‘आधी’चा आकडाच नाही, त्यामुळे बांधकामाने वाहतूक किती वाढली हे आम्ही कधीच सिद्ध करू शकणार नाही.

कॉर्नरवाल्यांना सुरुवातीपासून वेगळे बसवून बोलायला हवे होते. एकमुखी ठरावाची हौस आपल्याकडे फार. त्या हौसेपायी माणसे सभेत हो म्हणतात आणि बाहेर उलटे काम करतात. इथे ते झाले नाही हे नशीब. माझीही एक चूक आहे. एफएसआयचा मुद्दा मी भर सभेत फळ्यावर मांडला. तो आधी चार जणांना घरी बसून सांगितला असता तर ‘सर बिल्डरच्या बाजूचे’ ही कुजबुज टळली असती.

न्यायालयात गेलो असतो तर काय झाले असते, यावर अजूनही दोन मते आहेत. वकीलबाईंचे म्हणणे, पुलिया इतक्यात झाली नसती. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, तुकडा झाला असता. मला पहिले पटते, पण दुसऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही.

शेतकऱ्याकडे पहिल्या महिन्यात जायला हवे होते, यावर मात्र कोणाचे दुमत नाही. परवा काकू त्या दोन बहिणींपैकी एकीला उमरेडला जाऊन भेटून आल्या. काय बोलणे झाले ते त्यांनी सभेत सांगितले नाही, फक्त पुढच्या वेळी दोघींना हळदीकुंकवाला बोलावले आहे म्हणाल्या.

दुसरी मोजणी शाळा उघडल्यावर, जुलैच्या दुसऱ्या मंगळवारी आहे. मागच्या वेळी दुपारच्या सरीत शाळेच्या वळणावरचे चार कागद भिजले होते, म्हणून यंदा काकाजींनी प्लास्टिकच्या बारा फाइली आणून ठेवल्या आहेत.